वळणावळणाची हजेरी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, थंडीतल्या एका सकाळी, भिलाईहून निघालेली सर्वेक्षणाची जीप डांबरी सडक सोडून जंगलात शिरली. मी वार्ताहर म्हणून मागे बसलो होतो, पुढे सर्वेक्षणाचे साहेब. चालक भंडाऱ्याकडचा, भिलाईच्या सेक्टर सहामध्ये राहणारा. त्याचं नाव मी विचारलं नाही.

उपग्रहांवरून जागा दाखवणारे दोन जीपीएस संच सोबत होते. वापरून पाहून त्यांतला एक सर्वेक्षणासाठी निवडायचा होता. साहेबांचा सेलवर चालणारा, हातात धरायचा. चालकाचा जीपच्या बॅटरीला जोडलेला, त्याचा अँटेना टपावर. साहेबांनी जीपने जिथे सडक सोडली तेवढीच जागा नोंदवली. चालक मात्र वाट फुटली की मोकळ्यावर थांबे, स्वेटरच्या बाहीने संचाची काच पुसे, उपग्रह सापडेपर्यंत वाट पाही आणि बटण दाबे.

"प्रत्येक वळणावर हजेरी लावून राहिले का, भाऊ?" साहेब हसले.

"हजेरी लागली नाही तर दिवस भरत नाही ना, साहेब."

परतताना चार वाजले. अंधाराच्या आत सडक गाठायची होती. रात्री त्या वाटा ओळखू येत नाहीत. साहेबांच्या संचाचा बाण सरळ पुढे सडकेकडे होता, आणि मधे दोन पुरुष खोल नाला.

"बाणाले सीध समजते साहेब, नाला नाही समजत," चालक म्हणाला. त्याने जीप वळवली आणि नोंदवलेल्या शेवटच्या वळणाकडे नेली. तिथून त्याच्या आधीच्या.

साडेपाचला आम्ही सडकेवर आलो. उजेड होता. साहेबांनी आपला संच खोक्यात भरला. चालकाने तिथेही थांबून बटण दाबलं.