तिसरा खांब

तोंगसायसाठी आजवर चार वेळा नदीत जाळी फिरवून झाली होती. चारही वेळा त्याचा ख्वान सापडला म्हणून लोक पोटभर जेवून घरी गेले, आणि चारही वेळा दोन महिन्यांच्या आत त्याने कुणाचं तरी नाक फोडलं.

ख्वान म्हणजे जिवातला जीव. माणूस दचकला की तो अंगातून निसटतो आणि जिथे दचकला तिथेच घुटमळत राहतो. मग मासे धरायच्या हातजाळीत त्या माणसाचा सदरा, उकडलेलं अंडं आणि चिकट भाताचा गोळा ठेवून ती त्याच जागी फिरवायची, हाका मारायच्या, मनगटाला दोरा बांधून त्याला घरी आणायचं. मेकाँगच्या काठी हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. सात वर्षांचा असताना तोंगसाय होडीतून पडला, असं त्याची आई खामपुन सांगायची. म्हणून नदी.

तसा माणूस मोठा गोड. भात वाफवायच्या बांबूच्या टोपल्या विणायचा. त्यातून वाफ जायची, शीत कधी पडायचं नाही. म्हाताऱ्यांना टोपली घरपोच द्यायचा आणि वर त्यांच्या कोंबड्यांची ख्यालीखुशाली विचारायचा. पण मागून कुणी अचानक खांद्यावर हात टाकला, की त्याच्या डोळ्यांपुढे अंधार यायचा आणि मूठ आधी चालायची. दुसऱ्या दिवशी हाच गडी भरपाईची कोंबडी बगलेत घेऊन त्या माणसाच्या जिन्यावर रडत बसलेला. "खाण तशी माती," लोक म्हणायचे. त्याचा बाप मरून बारा वर्षं झाली होती, तरी आवाज खाली करूनच म्हणायचे.

मग एके सकाळी त्याच्या चार वर्षांच्या पोरीने, इमने, त्याने तीन दिवस खपून सोललेल्या कामट्या मोडून कोंबडीला घर बांधलं. तोंगसायचा हात उठला. खाली आला नाही, पण इमने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. कोपर कसं पुढे काढायचं, हनुवटी कशी छातीत खुपसायची, हे सगळं त्याला ओळखीचं वाटलं.

बायको चानपेन हे बघत होती. "हात हवेत थांबला, ही माझी पुण्याई," ती म्हणाली. "पण इमचे बाबा, रोज रोज मी पुण्याईवर नाही राहणार. पुन्हा उठला, तर जिना उतरायचा आणि चालू पडायचं."

आमच्याकडे नांदायला जावईच येतो. घर चानपेनच्या आईचं, तेव्हा ही धमकी पोकळ नव्हती. त्यातून तोंगसायचा जीव बायको आणि लेक या दोघींतच होता.

"सीदाआजीला बोलाव," तो पुटपुटला. गावात ख्वान आणायला तिलाच बोलवायचे.

"पाचव्यांदा? गावातली अंडी संपतील हो तुमच्यापायी!" चानपेन म्हणाली, आणि डोळे पुसून अंडं उकडायला गेली.

दुपारी सगळे नदीवर जमले. सीदाआजीने पाण्यावरून तीनदा जाळी फिरवली. "ये रे ख्वाना, घरी ये! भात गरम आहे, ये!" मग रिवाजाप्रमाणे वळून विचारलं, "आला का?"

"आला," असं आईने म्हणायचं असतं. चारही वेळा खामपुनने ते म्हटलं होतं. आज ती गप्प राहिली.

"अगं खामपुन, बोल की! माझा हात दुखतोय."

"नाही आला," खामपुन म्हणाली. "तो इथे नाहीच. माझं पोर होडीतून पडलंच नव्हतं."

कुणी तिच्याकडे बघेना. गावाला ठाऊक होतं. इतकी वर्षं सगळे मूग गिळून बसले होते. खामपुनने सीदाआजीच्या हातातून जाळी घेतली आणि ती आपल्या घराकडे चालू लागली. मागून सगळं गाव.

आमची घरं उंच खांबांवर उभी; घराखाली, म्हैस बांधायच्या तिसऱ्या खांबापाशी ती थांबली. तोंगसायचा बाप म्हैस सोडायचा आणि त्याच दाव्याने पोराला बांधायचा. खामपुनने जाळी खाली, सात वर्षांच्या पोराच्या उंचीला धरली.

"ये रे बाळा. तो मेला आता. मी वरच होते. मला सगळं ऐकू येत होतं, आणि मी खाली आले नाही. आज आले बघ."

तोंगसायने खांबाला कपाळ टेकवलं आणि तो लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. सीदाआजी त्याच्या मनगटाला दोरा बांधता बांधता म्हणाली, "हरवलेला ख्वान वाढत नाही, पोरांनो. सातचा तो सातचाच राहतो. घाबरलेल्या लेकराला तिशीतले हात मिळाले, तर नाकं फुटायचीच. आणि आम्ही मेले नदी ढवळतोय!"

त्या दिवसापासून तोंगसायला राग आलाच नाही, असं कुणी म्हणणार नाही. राग येतो. मग तो कोयता खाली ठेवतो, गाव ओलांडून आईच्या घरी जातो आणि तिसऱ्या खांबाला पाठ टेकून बसतो. हाक मारत नाही. वर खामपुनच्या हातात काहीही काम असो, चुलीवर भात असो, ती ते टाकते आणि खाली येते.