पांढऱ्या चादरीवरचं रोम

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, पार्सिपनी गावातल्या आम्हा मराठी मंडळींत एक प्रथा होती. कुणी युरोप करून आलं की त्याने सगळ्यांना घरी बोलवायचं, बटाटेवडे खाऊ घालायचे आणि वसुली म्हणून तासन्‌तास स्लाइड्स दाखवायच्या. भिंतीवर चादर, मध्ये घरघरणारा प्रोजेक्टर आणि अंधाराचा फायदा घेऊन डुलक्या काढणारे पाहुणे. अशा कित्येक संध्याकाळी मी जांभया गिळत काढल्या आहेत. पण आमची पाळी आली त्या शनिवारी माझा पाय जमिनीवर ठरत नव्हता. कारण त्या दिवशी माझे बाबा रोम बघणार होते.

बाबांनी साताऱ्याच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवला. रोम म्हणजे त्यांचा हातखंडा विषय. खडू हातात घेतला की फळ्याकडे न बघता रोमच्या सात टेकड्या काढायचे. मुलं कंटाळली असं वाटलं की सीझरचा खून व्हायचा, आणि तो असा काही व्हायचा की शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा दारात येऊन उभी राहायची. निवृत्तीनंतर ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले तेव्हा नवऱ्याने हौसेने सगळ्यांची रोमची तिकिटं काढली. बाबा नाचायचेच काय ते बाकी होते. स्वयंपाकघरात भाजी निवडतानासुद्धा ते मला फोरमचे, म्हणजे रोमच्या जुन्या भरचौकाचे, रस्ते समजावून सांगत.

निघायला थोडे दिवस उरले होते. मंडळातल्या एका काकांनी जेवता जेवता सहज विचारलं, "त्यांचा व्हिसा मल्टिपल एन्ट्री आहे ना? चेक केलंत?"

केलं नव्हतं. घरात दोन इंजिनियर, विजेचं बिलसुद्धा फाइलला लावणारे, आणि बाबांना अमेरिकेत एकदाच प्रवेश आहे हे कुणी बघितलंच नव्हतं. रोमला गेले असते तर परत येता आलं नसतं, आणि भारताचं तिकीट होतं न्यूयॉर्कहून, तेही न बदलता येणारं.

"आपण सगळं कॅन्सल करू," मी म्हटलं.

"वेडी आहेस का? तुम्ही जा. मला येऊन सांगा," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेरच्या पार्किंग लॉटकडे बघत राहिले. तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं. माझा जीव तुटला. शेवटी त्यांना शेजारच्या काकूंच्या हवाली करून आम्ही गेलो.

तर असा हा शनिवार. पडदे ओढले, दिवे घालवले. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, कार्याला बसावं तसे पहिल्या खुर्चीत बसले. पहिली स्लाइड पडली. कलोसियम! म्हणजे कलोसियमचा वरचा मजला, आणि त्याच्या पुढ्यात मी, पर्स पोटाशी आवळून धरलेली. दुसरीत कारंजं, कारंज्यापुढे आमची लेक. तिसरीत भलीमोठी कमान, आणि कमानीच्या बरोब्बर मध्ये आमचे हे, कमरेवर हात ठेवून.

"मॉम, वी आर इन एव्हरी पिक्चर!" लेक ओरडली.

खरंच होतं. नवऱ्याचं तत्त्वच तसं. नुसत्या इमारतीचा फोटो काढायचा तर पोस्टकार्ड काय वाईट? आपलं माणूस नसेल तर फिल्म फुकट गेली. आमच्या मंडळातल्या सगळ्यांचंच ते तत्त्व होतं, म्हणून कुणाला काही खटकलं नाही. बाबा मात्र खुर्चीत एकदा डावीकडे वाकले, एकदा उजवीकडे.

"जावईबापू, जरा सरका हो बाजूला," ते चादरीवरच्या जावयाला म्हणाले.

सगळे खो खो हसले. मला मात्र राग आला, नवऱ्याचा आणि स्वतःचाही. मी ताडकन उठले आणि चादरीशेजारी जाऊन उभी राहिले. माझ्या मागे काय दडलंय ते मीच सांगते म्हटलं! सांगायला लागले आणि थांबेचना. एका देवळाच्या घुमटाला मधोमध उघडं भोक आहे, पाऊस सरळ आत पडतो आणि फरशीतल्या छिद्रांतून निघून जातो. रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत, थंडगार पाणी सारखं वाहतं, आणि तोटीच्या तोंडाला बोट लावलं की वरच्या भोकातून चूळ उडावी तशी धार तोंडात येते. आणि सीझरचा खून झाला म्हणतात त्या पडक्या दगडांत आता मांजरं राहतात.

"मांजरं?" बाबा खुर्चीतून अर्धे उठले. "सीझरच्या जागी?"

"ढीगभर! उन्हात ताणून देतात."

"अगं, हे पुस्तकात नव्हतं कुठे!" असं म्हणून बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्या दिवशी कुणीही डुलकी काढली नाही.

मग फोरम आलं. ही एकच स्लाइड माझी, नवऱ्याच्या हातून कॅमेरा हिसकावून काढलेली. उंच खांब, मागे आभाळ आणि पुढे कुणीही नाही. बाबा उठले, चादरीपाशी गेले आणि एका खांबावर त्यांनी तळहात टेकवला. खांब त्यांच्या पांढऱ्या शर्टावरून खाली उतरला होता.

"बाबा, हलू नका!" नवरा एकदम म्हणाला. त्याने कॅमेरा आणला, फ्लॅश बंद केला, पुस्तकांच्या चळतीवर ठेवला. "इकडे बघा. श्वास रोखून धरा."

शाळेच्या ग्रुप फोटोत उभे राहतात तसे बाबा ताठ उभे राहिले. त्या क्षणी नवऱ्याचे सगळे गुन्हे मी माफ केले.

बाबांना रोम काही घडलं नाही. तो फोटो मात्र साताऱ्याच्या बैठकीत शेवटपर्यंत होता. जरा धूसर आहे, पण खांब खांबच दिसतात आणि बाबा बाबाच. सनावळीत एका वर्षाची चूक झाली तरी मार्क कापणारा माणूस तो. पण पाहुण्यांनी फोटोकडे बघून विचारलं, "रोमला कधी गेला होतात, सर?" की माझ्यासमोर, पापणीसुद्धा न लववता सांगायचे, "लेकीबरोबर गेलो होतो."