साठ अक्षरांची ओळ

ते दूध माझ्यामुळेच उतू गेलं. हे आधीच सांगून टाकते.

उन्हाळ्याची सुट्टी होती. वीज सकाळी साडेआठला जायची, म्हणून आमच्या घरात सगळं एकाच वेळी चालायचं. एका शेगडीवर दूध, दुसरीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. आणि पिठाच्या डब्याला टेकवून उभा केलेला कागद, त्यावर ओळीच ओळी.

मी वाचायची. ए, टी, टी, जी, सी, ए...

आणि हे टाइप करायचे.

हे म्हणजे माझे मिस्टर. जळगावला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. सुट्टीपुरता कॉलेजचा एक कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून हातगाडीवरून घरी आणला होता. पीएच.डी.साठी ते असा प्रोग्रॅम लिहीत होते, की दोन विषाणूंच्या जनुकांची अक्षरं शेजारी शेजारी ठेवून कुठे सारखी, कुठे वेगळी, ते मशीननेच सांगावं.

विषाणू कुठला, तर केळीवरच्या हरण्या रोगाचा.

माझं माहेर रावेरचं. हरण्या पडला की वडील स्वतःच्या हातांनी झाडं उपटून पुरायचे आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत. नमुन्याची पानंसुद्धा आमच्याच मळ्यातून गेली होती. पुण्याच्या गाईडसरांच्या लॅबमध्ये ती तपासली आणि अक्षरांचे कागद आमच्याकडे आले.

मला वाटायचं, यांनी हा विषय माझ्यासाठी घेतला.

एका ओळीत साठ अक्षरं. ओळ संपली की मी "पुढे" म्हणायची. असं किती सकाळी चाललं ते आठवत नाही.

माझ्या सासूबाई साक्रीच्या. त्या दाराशी बसून गहू निवडत आमची मजा बघायच्या. त्या दिवशी त्यांनीच हाक मारली, "काय वं, दोन्ही जण मंतर म्हनी राह्यनात, आनि दूध उतू गयं!"

मी धावले. शेगडी बंद केली, ओटा पुसला, परत आले आणि वाचायला लागले.

दुपारी भांडी घासताना मनात आलं. रात्री जेवताना यांना म्हटलं, "अहो, दूध उतू गेलं तिथली एखादी ओळ सुटली असेल. एकदा कागद लावून बघा ना."

ते म्हणाले, "प्रोग्रॅमला कळेल. तू नको काळजी करू."

आठ दिवसांनी हे नाचतच कॉम्प्युटरसमोरून उठले. रावेरचा विषाणू जगातल्या बाकी सगळ्यांपेक्षा वेगळा निघाला होता. मधला एक तुकडा त्याच्यात नव्हताच.

मी विचारलं, केवढा तुकडा?

म्हणाले, साठ अक्षरं.

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी पुन्हा विचारलं नाही. ही माझी दुसरी चूक. पेपर छापून आला, सरांचं नाव पहिलं, यांचं दुसरं. आम्ही कॉलनीत पेढे वाटले.

वर्षभराने दुसऱ्या कुठल्या तरी लॅबने तोच नमुना तपासला. ओळ जागच्या जागी होती.

पुण्याहून सरांचं पत्र आलं. लेखी खुलासा मागितला होता. हे दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सगळी जबाबदारी मी घेतली. विषय संपला."

मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी देवापुढे साखर ठेवली.

पीएच.डी. झाली. प्रमोशन झालं. पुढे चार वर्षांत हार्ट अटॅकने गेले. पंचेचाळीस हे काय वय असतं का?

महिन्याभराने मी त्यांचं कपाट आवरायला घेतलं. त्या खुलाशाची कार्बन कॉपी एका फाइलमध्ये होती.

मी सातवी शिकलेली. एबीसीडीच्या पुढचं इंग्रजी मला कुणी शिकवलं नाही, यांना वेळच नव्हता. त्यांनी टाकलेली मासिकं, मॅन्युअलं, डिक्शनरी घेऊन मी माझी माझी वाचत गेले. त्या साठ-साठ अक्षरांनीच माझी इंग्रजीची भीती गेली होती.

पत्रात लिहिलं होतं, प्रोग्रॅममध्ये दोष नाही. अक्षरं घरातल्या एका इल्लिटरेट व्यक्तीने वाचून दाखवली, चूक तिची आहे, आपल्याला त्याची कल्पना नव्हती.

इल्लिटरेट. तो शब्द मला डिक्शनरीत बघावा लागला नाही.

ओळ मीच सोडली होती, ते खोटं नाही. पण मी सांगितलं होतं. त्याच रात्री सांगितलं होतं. आणि "माझी पत्नी" एवढंही त्यांनी लिहिलं नाही.

दरवर्षी आजच्या तारखेला, हे गेले त्या दिवशी, यांचे विद्यार्थी इथे ग्रुपवर लिहितात. सर किती हुशार होते, किती साधे होते. ते खरंच आहे. आज सकाळीच एकाने लिहिलं, सर आमची चूकसुद्धा स्वतःच्या अंगावर घ्यायचे.

मी ते तीन वेळा वाचलं आणि मग हे लिहायला बसले.

विद्यार्थ्यांची घेतली असेल. माझी नाही घेतली.

अहो, तुमची आठवण रोज येते. रागही रोज येतो. दोन्ही एकाच घरात राहतात, मी कुणालाच बाहेर काढलं नाही. जिथे असाल तिथे शांत असा.

ते पत्र सापडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांची सगळी पुस्तकं रिक्षात घालून कॉलेजच्या लायब्ररीला देऊन आले. पुस्तकांची यादी मी स्वतः लिहिली होती, इंग्रजीत. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.