मातीची टेकडी

भूगोलाच्या बाईंना चूक म्हणून खपायची नाही. मुली त्यांना ‘फूटपट्टी’ म्हणायच्या, अर्थात पाठीमागे. दरवर्षी नववीच्या मुली नकाशातल्या समोच्च रेषा बघून शाळेमागची टेकडी मातीत करायच्या आणि बाई तिच्यावर तांब्याभर पाणी ओतायच्या. पाणी ओढ्यात उतरलं की टाळ्या.

यंदा नकाशा नवा होता, कारण खाणवाल्यांनी टेकडीची एक बाजू कापून नेली होती. बाईंनी पाणी ओतलं. ते ओढ्याकडे फिरकलंच नाही. शाळा म्हणून ठेवलेल्या ठोकळ्यावर धावून गेलं.

“डोळे कुठे होते गं तुमचे? रेषा चुकल्यात!” बाई कडाडल्या. मुलींना बाजूला सारून त्यांनी सगळी टेकडी स्वतःच्या हातांनी पुन्हा रचली, रेघ न् रेघ ताडून पाहिली. पाणी पुन्हा शाळेवरच आलं.

खिडकीबाहेर टेकडीवरचं आभाळ काळंकुट्ट झालं होतं. पुढच्या बाकावरच्या मुलीने फरशीवरचं दप्तर उचलून बाकावर ठेवलं. मग सगळ्यांनीच ठेवली.

“पुरे झाला चिखल. पुस्तकं काढा,” बाई म्हणाल्या, आणि खुर्चीपाशी खाली ठेवलेली स्वतःची पर्स त्यांनी हळूच टेबलावर ठेवली.