उतारावरची चढती रेघ

"आधी रेघ काय म्हणते ते ऐका, मग माझं ऐका," असं म्हणत सर फळ्यापासून बाजूला व्हायचे. राजूरच्या आमच्या शाळेत ते नववी-दहावीला विज्ञान शिकवत, मी शेजारच्या वर्गात मराठी. मधली भिंत पातळ, त्यामुळे माझ्या कवितेच्या तासात त्यांचं त्वरण हमखास शिरायचं.

वेग-काळाचा आलेख आला की वर्ग अडायचा. एकदा खाली येणारी रेघ दाखवून सरांनी विचारलं, "गाडी काय करतेय?"

वरच्या वाडीतून जीपने येणारी एक मुलगी उठली. "सर, घाट उतरती हाय."

कुणी हसलं नाही. सगळ्यांना तसंच वाटत होतं. सरांनी तिला स्कूटरवर मागे बसवलं आणि शाळेपुढच्या उतारावर नेलं. वर्ग फाटकात उभा, मीही. ती वेगाच्या काट्यावरचे आकडे ओरडून वाचत होती. परत येऊन सरांनी ते फळ्यावर मांडले.

"असं कसं सर? गाडी खाली अन् रेघ वर?"

"रेघ रस्ता दाखवत नाही, बाळ. वेग दाखवते. ब्रेक दाबला की येईल खाली."

त्याच वर्षी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. हे वाढतच जाणार, असं डॉक्टर म्हणाले. फळ्यावरच्या रेघा नागमोडी येऊ लागल्या. "सर, गाडी खड्ड्यांतून चाललीय का?" एका मुलानं भाबडेपणानं विचारलं. सरही हसले. शिक्षकांच्या खोलीत मात्र कप दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "बाई, आता थांबावं म्हणतो. रेघच चुकीची काढली, तर पोरांनी ऐकायचं काय?"



दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून त्याच मुलीचा आवाज आला. "सर, तुमी बसा. तुमी सांगा, मी काढते."

मग खुर्ची सरकली.

"गाडी स्टँडवरून निघाली. वेग एकसारखा वाढतोय. हं, आता वेग तेवढाच राहिला."

"आडवी रेघ. म्हणजे थांबली," मागून कुणीतरी म्हणालं.

"न्हाई," ती म्हणाली. "थांबली असती तर रेघ पार तळाला गेली असती."

"बरोबर," सर म्हणाले.

पुढे रोज कुणी ना कुणी फळ्यापाशी आणि सर खुर्चीत. वर्ष असंच निघालं. मुलं दहावीत गेली तोवर सरांचं बोलणंही अडखळू लागलं. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन ते कोपरगावला लेकीकडे गेले.

त्यांच्या जागी आलेले तरुण सर फळ्यावर आलेख फार सुबक काढतात. पहिल्याच आठवड्यात ते माझ्याकडे तक्रार घेऊन आले. "बाई, मी रेघ काढायला वळलो की दहावीची मुलं उठून खडू मागतात."

"मग द्या की," मी म्हटलं.