ठेचा, भाकर आणि सोनकांबळे सर

धम्मदीप सोनकांबळे सरांना कंटाळा आला होता. खेळाचा नव्हे हो, दर जूनला प्राचार्यांच्या दारात उभं राहण्याचा! हैदराबादेतल्या हिमायतनगरच्या कॉलेजात मुलींना बास्केटबॉल शिकवता शिकवता केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, पण नेमणूक आपली वर्षावर्षाची. यंदा तर प्राचार्य मधुकररावांनी सरळच सांगितलं होतं, "फायनल मारा, मग बघू. नुसती टीम ठेवून काय करायचंय?"

वडील भिवाजी देगलूरकडून कुकटपल्लीच्या कारखान्यात आले, त्यांच्यासोबत घरात मराठी आली. सरांनी ती मैदानावर आणली. डावांची नावं इंग्रजीत ठेवली तर समोरच्या टीमला कळतात, म्हणून त्यांनी आईच्या चुलीवरची नावं ठेवली. 'भाकर' म्हटलं की चेंडू झटकन उलट्या बाजूला फिरवायचा. 'ठेचा' म्हटलं की चेंडूवालीला दोघींनी कोपऱ्यात चेपायचं. टीममध्ये तेलुगू मुली, उर्दूवाल्या मुली. मराठीचं एक वाक्य येईल तर शपथ! पण सर कडेवरून "ठेचाऽऽ!" म्हणून ओरडले की सगळ्या बरोब्बर धावायच्या, आणि समोरच्या टीमची कोच नुसती तोंड बघत राहायची. वर्षानुवर्षं असं ओरडून सरांचा घसा कायमचा बसला होता. बायको रेणुकाबाई घरी म्हणायच्या, "अहो, घरात तरी हळू बोला!" सर हळूच बोलत असायचे.

यंदाच्या फायनलला समोर तारनाक्याचं कॉलेज होतं, आणि त्यांची कोच होती वृषाली. सरांचीच जुनी कॅप्टन. तीन पिढ्या हैदराबादेत सरकारी नोकरी केलेल्या मराठी घरातली. ठेचा म्हणजे काय, हे तिला ताटातलंही माहीत आणि मैदानावरचंही.

सरांना हे काय माहीत नव्हतं? होतं की! पण सवय मेली जाते कुठे? मॅच सुरू झाली आणि सर ओरडले, "भाकऽऽर!" पलीकडून वृषालीनं शांतपणे डावा हात वर केला, आणि तिच्या मुली आधीच तिकडे जाऊन उभ्या. "ठेचाऽऽ!" पुन्हा तेच. मध्यंतराला सरांची टीम चांगलीच मागे पडली होती.

मुली हिरमुसून भोवती बसल्या. नवी नावं द्यावीत? पाच मिनिटांत कुठली लक्षात राहतात! सरांनी टॉवेलनं तोंड पुसलं आणि म्हणाले, "अब मैं कुछ नहीं बोलता. तुमको जो दिखता, वो खेलो."

कॅप्टन लावण्या हबकलीच. "सर, आप चुप बैठते? आपसे होता क्या?"

"होना पडता, माँ," सर हैदराबादी लाडानं म्हणाले.

आणि ते बसले. डावीकडे मोकळी जागा दिसली की शब्द घशापर्यंत यायचा. सर टॉवेलाचं टोक दातांत धरायचे. बसून राहणं इतकं अवघड असतं हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. पण लावण्याला ती जागा दिसली! तिनं नजरेनंच खुणावलं आणि चेंडू उलटा फिरला. पलीकडे वृषालीचा हात अर्ध्यावरच राहिला, कारण ऐकायला काही नव्हतंच. एकेक बास्केट करत मुली वर आल्या आणि शेवटच्या क्षणी पुढे निघून गेल्या. शिटी वाजली. मैदानात नुसता कल्ला!

वृषाली आली, वाकून पाया पडली. डोळे भरलेले, तरी हसत होती. "सर, तुम्ही गप्प बसाल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिथंच हरले मी."

तेवढ्यात मधुकरराव आले. पाहुण्यांबरोबर चहा घेऊन ते मध्यंतरानंतरच येऊन बसले होते. "वा! मुली मोठ्या गुणाच्या निघाल्या," ते म्हणाले. "मी बघत होतो, सोनकांबळे. तुम्ही एकदाही उठला नाहीत, एक शब्द सांगितला नाहीत. त्यांचं त्या सगळं करतात की! मग जूनपासून एखादी सीनियर मुलगीच बघेल टीमचं. तुम्हालाही आता आराम हवाच, नाही का?"

"अहो साहेब, सर मुद्दाम..." वृषाली भडकून बोलायला लागली. सरांनी तिच्या दंडावर हात ठेवला.

खुलासा करायचा म्हणजे पहिल्यापासून सगळं सांगायचं: चूल, आई, भाकर, वर्षानुवर्षांचं ओरडणं. एवढं बोलायचं त्राण सरांत उरलं नव्हतं. समोर मुली लावण्याला उचलून नाचत होत्या. त्यांच्याकडे बघून सरांची छाती अभिमानानं भरून आली, आणि त्याच वेळी रडूही आलं.

"खरंय साहेब," ते बसक्या आवाजात म्हणाले. "मुली तयार झाल्यात."