भिंगरीच्या गोळीचं माप

माझ्या नणंदेचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल, एरवी तिला सगळे भिंगरीच म्हणतात. चाळिशी जवळ आली तरी तऱ्हा तीच. चहा गॅसवर ठेवून कपडे वाळत घालायला जाणार, तिथे खिडकी पुसायला लागणार, आणि इकडे भांडं काळं ठिक्कर. सासूबाई म्हणायच्या, "देवाने हिला किल्ली दिली आणि काढून घ्यायची विसरला." त्यावर सगळ्यात मोठ्याने भिंगरीच हसायची. लग्न मोडून आमच्याकडे परत आली, तेव्हासुद्धा बॅग टॅक्सीत राहिली आणि ती हातात नुसती छत्री घेऊन दारात उभी.

पण कापडावर तिचा हात होता. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती धागे तोडायला लागली होती, ती वर्षानुवर्षं धडपडत कटिंगच्या टेबलापर्यंत पोचली. तिथे कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि उभ्या पात्याच्या मशीनने सगळे थर एकदम कापायचे. चूक झाली तर एका शर्टाची होत नाही, सगळ्या गठ्ठ्याची होते. त्या टेबलावर ती एकटीच बाई. पुढा, पाठ, बाही, कॉलर असं तोंडाने पुटपुटत ती काम करायची. कुणी मध्ये हाक मारली की पुटपुटणं तुटायचं आणि तिथेच काहीतरी राहून जायचं.

मोठ्या ऑर्डरी यायला लागल्या तशा चुका वाढल्या. कटिंगचे मास्तर तसे भले, पण एक दिवस म्हणाले, "बाई, तुझा हात सोन्याचा आहे, डोकं मात्र भाड्याने दिलंयस का कुणाला?"

त्याच सुमाराला शिलाईवरच्या एका मैत्रिणीच्या मुलाला शाळेने तपासायला पाठवलं. त्याला एडीएचडी निघालं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास. डॉक्टरांनी काय काय विचारलं ते मैत्रीण डबा खाताना सांगत होती आणि भिंगरीचा घास हातातच राहिला. घरी येऊन मला म्हणाली, "वहिनी, ते सगळं माझंच होतं."

सरकारी दवाखान्यात मोठ्या माणसांसाठी एवढी मोठी यादी होती, की नंबर लागेपर्यंत टेबल राहिलंच नसतं. म्हणून खासगी क्लिनिक. सासूबाई म्हणाल्या, "रोग कसला त्यात? वांडपणा आहे तो." पण आमचे हे म्हणाले, "आयुष्यभर बोलणी खाल्ली तिने. एकदा डॉक्टरला विचारून तरी बघू दे."

डॉक्टरीणबाईंनी खूप वेळ विचारलं. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही आळशी नाही आहात." एवढंच. घरी येताना भिंगरी ते वाक्य इतक्या वेळा बोलली, की मला पाठ झालं.

पहिली गोळी लहान मापाची होती. ती घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात सकाळी ती माझ्याजवळ ओट्यापाशी येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, तुम्हा सगळ्यांना असंच असतं का गं? एवढं शांत?" त्या दिवशी तिने चहा केला आणि तो उतू गेला नाही. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

पण दुपारनंतर गोळीचा असर उतरायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे अपेक्षितच आहे, माप हळूहळू वाढवत न्यायचं, योग्य ते सापडेपर्यंत. भिंगरीला ही भाषा लगेच कळली. "म्हणजे ट्रायल," ती म्हणाली. "आधी कच्ची टीप, मग पक्की." पुढच्या भेटी फोनच्या पडद्यावर. वजन, नाडी, रक्तदाब घरी मोजून आकडे कळवायचे, बाई पाच-दहा मिनिटं बोलणार आणि नवी चिठ्ठी येणार.

माप वाढलं. मग पुन्हा वाढलं. डबा जसाच्या तसा परत यायला लागला. संध्याकाळी ती घरी आली की भिंतीला पाठ लावून बसायची. एकदा चमचा हातातून पडला म्हणून रडली. एकदा मी तिचा हात धरला, तर मनगटात पाखरू फडफडत होतं.

"डॉक्टरांना सांग," मी म्हटलं.

"सांगते."

भेटीच्या वेळी मी शेजारीच बसले होते. बाईंनी विचारलं, "कसं वाटतंय?" भिंगरी केस चापून, इस्त्रीचा कुर्ता घालून बसलेली. म्हणाली, "बरं आहे डॉक्टर. पहिल्यापेक्षा बरंच बरं आहे."

"धडधड? भूक कमी?"

"थोडीशी. चालायचंच."

पडदा बंद झाल्यावर मी तिच्याकडे वळले. ती म्हणाली, "तू रागावू नको. त्या बिचाऱ्या एवढं मनावर घेऊन करतायत. आणि त्रास होतो म्हटलं आणि त्यांनी बंदच केली तर? मी परत तशी होईन, वहिनी. मला परत तसं नाही व्हायचं."

मग निळ्या शर्टांची ऑर्डर आली. त्या कापडाला एका बाजूला चकाकी होती. अशा कापडाचे थर तोंडाला तोंड लावून अंथरायचे असतात, एक सुलटा, एक उलटा. तसं केलं की आपोआप डाव्या-उजव्या बाह्यांची जोडी पडते. भिंगरीला हे झोपेतसुद्धा येत होतं. पण त्या दिवशी तिला काठाला काठ जुळवायचा नाद लागला. एक सुरकुती दिसली की थर उचलायचा, परत पसरायचा. जेवणाची घंटा तिने ऐकलीच नाही. पुटपुटत नव्हती, अडत नव्हती, मान वर करत नव्हती. मास्तरांना वाटलं, बाई सुधारली. सगळे थर तिने एकाच तोंडाने अंथरले होते, आरशासारखे गुळगुळीत, आणि पूर्ण गठ्ठा कापून टाकला.

शिलाईवर गेल्यावर कळलं, सगळ्या बाह्या डाव्या.

मास्तरांनी दोन बाह्या तिच्यासमोर धरल्या. "कुठल्या शाळेत मुलांना दोन डावे हात असतात, सांग. तिथे पाठवून देऊ." कुणी हसलं नाही. मग ते खाली बसले आणि म्हणाले, "मालकांना मी काहीतरी सांगतो. पण सोमवारची ऑर्डर ही शेवटची संधी समज. परत असं झालं तर धाग्यांचं टेबल. माझ्या हातात मग काही नाही."

घरी येऊन तिने हे सगळं सांगितलं आणि लगेच फोन उचलला. तिला गोळी अजून वाढवून हवी होती. "कमी पडतेय, म्हणून चुकले."

"अगं, जास्त होतेय म्हणून चुकलीस."

"तुला काय कळतं त्यातलं?" ती म्हणाली. असं ती मला कधी बोलली नव्हती.

क्लिनिकमधल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, की डॉक्टर महिनाभर रजेवर आहेत. त्यांना निरोप देता येणार नाही. तातडीचं असेल तर दुसरे डॉक्टर बघतील, पण प्रत्यक्ष यावं लागेल आणि फी पहिल्या भेटीची पडेल. भिंगरीने गळ्यातली साखळी हाताने चाचपली आणि म्हणाली, "द्या वेळ."

शुक्रवारी कारखान्यातून ती परस्पर क्लिनिकवर आली. मी तिथेच थांबले होते. पांढऱ्या भिंती, काचेचं टेबल, कोपऱ्यात पाण्याची मशीन. तिने ग्लास भरला आणि न पिताच परत ठेवला. दुसरे डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलत होते. त्यांनी फाईल वाचली, दंडाला पट्टा बांधला, मोजलं. मग दुसऱ्या दंडाला बांधून परत मोजलं. मग म्हणाले, "तुम्ही घरून पाठवलेले आकडे तर उत्तम आहेत. ते कधी मोजायचा तुम्ही?"

"रविवारी. समोरच्या नर्सताईंकडे मशीन आहे, त्यांना रविवारीच सवड असते."

"गोळी घेतल्यावर किती वेळाने?"

"रविवारी मी गोळी घेत नाही ना," भिंगरी सहज म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी कशाला वाया घालवायची? कामाच्या दिवसांना पुरवून वापरते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला हे माहीतच नव्हतं. आमच्या घरात चांगली वस्तू कामाच्या दिवसांसाठी राखून ठेवायची रीत, तेवढीच तिने पाळली होती. तिच्या विश्रांतीच्या दिवसाचे आकडे बघून त्या बाई महिनोनमहिने माप वाढवत गेल्या होत्या.

"आणि त्रास?" त्यांनी विचारलं.

भिंगरीने तोंड उघडलं. मला ठाऊक होतं ती काय म्हणणार ते. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मग सगळं बोलली. धडधड, न जेवणं, संध्याकाळचं रडणं, डाव्या बाह्या. मान खाली घालून, एकापाठोपाठ एक, एकही गोष्ट न विसरता.

डॉक्टर म्हणाले, "आजपासून गोळी बंद. हृदयाची तपासणी करून घ्या. तुमच्या डॉक्टर आल्या की त्या नव्याने ठरवतील."

"बंद नका करू. कमी करा ना. पहिल्या मापाला मी चांगली होते हो."

"असालही. कदाचित तेच तुमचं माप असेल. पण तपासणीआधी मी लिहून देऊ शकत नाही."

"सोमवारी ऑर्डर आहे, डॉक्टर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला. वाईट माणूस नव्हता तो. "मला समजतंय," म्हणाले. पण चिठ्ठीवर फक्त तपासणीचंच लिहिलं.

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "पहिल्यांदाच खरं बोलले बघ."

शनिवार-रविवार मी देवापुढे बसले, पण काय मागावं तेच सुचेना. ती बरी व्हावी म्हणावं, तर ती गोळीनेच बरी होत होती. गोळी मिळावी म्हणावं, तर तिच्या मनगटातलं ते पाखरू आठवायचं. शेवटी नुसतीच बसून उठले.

सोमवारी तिने मशीनला हात लावला नाही. स्वतःच मास्तरांकडे गेली आणि म्हणाली, "माझं औषध बंद झालंय. आज मी कापलं तर परत गठ्ठा जाईल. दुसऱ्या कुणाला द्या." मास्तर म्हणाले, "विचार कर बाई, टेबल सोडलंस तर लगेच परत मिळत नाही." ती म्हणाली, "केला." आणि पोरीसोरी बसतात त्या धाग्यांच्या टेबलाशी जाऊन बसली.

हे तिने मला संध्याकाळी जेवताना सांगितलं. ताटातलं सगळं संपवून तिने परत वाढ म्हटलं. कित्येक महिन्यांनी तिला भूक लागली होती. ती खात होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता. सासूबाई उठून आत गेल्या. मी वाढत राहिले.